हॉस्पिटलमध्ये "तुम्ही इंडिजिनस आहात का?" असं का विचारतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅनडात विनिपेगला राहते आणि एका हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन डेस्कवर काम करते. पेशंट आला की नाव, पत्ता, हेल्थ कार्डचा नंबर, घरच्यांचा फोन हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायचं, हे माझं काम. त्याच यादीत एक प्रश्न असा आहे की तो विचारताना नवीन लागलेली मुलं अडखळतात आणि आपले मराठी पेशंट तो ऐकून गोंधळतात. नर्सिंगला आलेल्या मुली, डेस्कच्या नोकरीला लागलेले, आईवडिलांना इमर्जन्सीत घेऊन आलेले, सगळे मला तेच तेच विचारतात, म्हणून आता एका जागी लिहून ठेवतेय.

प्रश्न नेमका काय असतो?

इंडिजिनस म्हणजे इथले मूळचे लोक. प्रश्नाचे शब्द प्रांताप्रमाणे थोडे बदलतात, पण साधारण असा: "तुम्ही स्वतःला फर्स्ट नेशन्स, मेटी किंवा इन्युइट मानता का?" उत्तरात एकापेक्षा जास्त गोष्टी सांगता येतात, "नाही" म्हणता येतं आणि "सांगायचं नाही" हेही पूर्ण उत्तर धरलं जातं. आमच्या प्रांतात, म्हणजे मॅनिटोबात, २०२३ पासून हॉस्पिटलांमध्ये वंश आणि इंडिजिनस ओळख विचारायला सुरुवात झाली.

हे तीन गट कॅनडाच्या १९८२ च्या घटनेतल्या कलम ३५ मधून येतात. फर्स्ट नेशन्स म्हणजे एक जमात नव्हे, त्यांच्या ६३० च्या वर कम्युनिटीज आहेत, क्री वेगळे, ओजिब्वे वेगळे, डेने वेगळे, भाषा वेगळ्या. इन्युइट हे उत्तरेच्या बर्फाळ भागातले (त्यांना एस्किमो म्हणू नका, तो शब्द त्यांना आवडत नाही). मेटी लोक फरच्या (प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या) व्यापाराच्या काळात इथल्या मूळच्या बायका आणि युरोपातून आलेले पुरुष यांच्या कुटुंबांतून तयार झाले, आणि पुढे त्यांचा स्वतःचा समाज, स्वतःची भाषा, स्वतःचा इतिहास झाला, आणि त्याचं मूळ इथेच, आमच्या रेड रिव्हरच्या काठावर. म्हणून "आई एक नि बाप दुसरा म्हणजे मेटी" असं सरसकट समजू नका. २०२१ च्या जनगणनेत तिघांचे मिळून १८ लाख लोक होते, देशाच्या ५ टक्के. मॅनिटोबात मात्र १८ टक्के, आणि एकट्या विनिपेग परिसरात लाखाच्या वर.

आम्ही इंडियन आहोत, मग "हो" म्हणायचं का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्यात विचारणाऱ्याची काहीच चूक नाही. कोलंबसाने चुकून दिलेलं नाव इथल्या कायद्यात अजून आहे, १८७६ चा "इंडियन ॲक्ट" आजही चालू आहे आणि त्याखाली नोंद असलेल्या माणसाला कागदोपत्री "स्टेटस इंडियन" म्हणतात. त्यामुळे मुलाकडे राहायला आलेल्या आपल्या एखाद्या काकांना कोणी "इंडियन स्टेटस आहे का?" विचारलं तर ते अभिमानाने हो म्हणणारच, पासपोर्ट पण काढून दाखवतील. तुमच्याबरोबर आईबाबा असतील तर त्यांना आधीच समजावून ठेवा की भारतातून आलेल्यांसाठी वंशाच्या प्रश्नात साउथ एशियन किंवा तसाच पर्याय असतो, हा प्रश्न इथल्या मूळच्या लोकांबद्दल आहे. चुकून हो गेलं असेल तर डेस्कवर येऊन सांगा, एका मिनिटात बदलतो.

म्हणजे हे आपल्याकडच्या जातीच्या दाखल्यासारखं आहे का?

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या कारण आपल्या डोक्यात "जात कोणती" हा प्रश्न लहानपणापासून बसलेला असतो. आपल्याकडे अनुसूचित जमातीचा दाखला लागतो, मग तो पडताळणी समितीकडे जातो, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते बघतात. इथे हॉस्पिटलच्या प्रश्नाला कागद लागत नाही. माणूस जे सांगेल तेच लिहायचं. "कार्ड (म्हणजे ओळखीचं सरकारी कार्ड) आहे का?" हा प्रश्न या ठिकाणी विचारायचाच नाही.

कार्ड लागतं ते वेगळ्या कामाला. नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स नावाची केंद्र सरकारची योजना आहे, त्यात औषधं, दात, चष्मा, उपचारासाठीचा प्रवास असा खर्च मिळतो, आणि ती नोंदणी असलेल्या फर्स्ट नेशन्स आणि मान्यताप्राप्त इन्युइट लोकांनाच आहे, मेटींना नाही. डेस्कवर "हो" म्हटल्याने ती योजना आपोआप लागू होत नाही, आणि कार्ड नाही म्हणून ओळख खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

चेहऱ्यावरून कळतंच की! प्रत्येकाला कशाला विचारायचं?

नाही कळत. मला पण वाटायचं की कळतं. कामाला लागून दोन-तीन आठवडे झाले असतील, एक गोरापान, निळ्या डोळ्यांचा माणूस छातीत दुखतं म्हणून आला, गर्दी होती, मी न विचारताच "नाही" वर क्लिक केलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तो मेटी होता. वरच्या मजल्यावर तीन दिवस होता आणि त्या तीन दिवसांत इंडिजिनस पेशंटसाठी काम करणारं कोणीच त्याच्याकडे फिरकलं नाही, कारण त्यांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी त्याने खाली येऊन मला शांतपणे एवढंच सांगितलं, "तू मला विचारलं नाहीस." ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी कितीही गर्दी असो, प्रत्येकाला विचारते, सरदारजींना, फिलिपिनो आजींना, माझ्या ओळखीच्या मराठी मैत्रिणीला सुद्धा.

आणि उलट्या बाजूने अंदाज लावला की काय होतं ते या शहराला चांगलं माहितेय. सप्टेंबर २००८ मध्ये ब्रायन सिंक्लेअर नावाचे ४५ वर्षांचे गृहस्थ, दोन्ही पाय कापलेले, व्हीलचेअरवर, इथल्या हेल्थ सायन्सेस सेंटरच्या इमर्जन्सीत आले. कॅथेटर (लघवीची नळी) तुंबला होता, क्लिनिकने चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. ३४ तास ते वेटिंग रूममध्ये बसून होते, त्यांना उलट्या झाल्या, बाकीच्या लोकांनी स्टाफला सांगितलं, तरी कोणी तपासलं नाही, आणि तिथेच ते गेले. बरा होणारा इन्फेक्शनचा आजार होता. नंतरच्या चौकशीत समोर आलं की काहींना वाटलं हा दारू प्यायलाय, काहींना वाटलं थंडीपासून आडोसा म्हणून बसलाय, काहींना वाटलं याला आधीच तपासून झालंय, आणि त्यांचं नाव कॉम्प्युटरमध्ये कधी चढलंच नव्हतं. डेस्कवर काम करणाऱ्या माणसाने ही गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांनी काही ना काही ठरवलं होतं पण त्यांनाच कोणी विचारलं नव्हतं.

"हो" सांगितल्याने पेशंटला काय मिळतं?

हॉस्पिटलवर अवलंबून आहे, सगळीकडे सगळं नसतं. पण मोठ्या हॉस्पिटलांमध्ये साधारण या गोष्टी असतात.

पेशंट नॅव्हिगेटर. हा खरा आधार. डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या भाषेत सांगणारा, फॉर्म भरून देणारा, गरज पडली तर पेशंटच्या बाजूने बोलणारा माणूस. तुमची आजी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एकटी असती आणि गावाकडचा कोणी ओळखीचा वॉर्डबॉय भेटला असता तर तिला कसं वाटलं असतं, तसं काहीसं.

दुभाषी. क्री, ओजिब्वे, इनुक्टिटूट. म्हातारी माणसं आजारपणात इंग्रजी विसरतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

एल्डर म्हणजे समाजातले जाणते वडीलधारे भेटायला येतात, आणि स्मजिंग करता येतं, म्हणजे सेज, स्वीटग्रास, सीडर अशा वनस्पती जाळून त्याचा धूर अंगावरून घेणं. स्मोक अलार्ममुळे त्यासाठी वेगळी खोली किंवा आधी कळवायची पद्धत असते. धुपाच्या वासाला घर समजणाऱ्या आपल्या लोकांना यात काय नवल.

आणि डिस्चार्ज, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. मॅनिटोबातच उत्तरेकडे आयलंड लेकचा भाग आहे, गार्डन हिल, सेंट थेरेसा पॉइंट, वासागामॅक आणि रेड सकर लेक अशा चार कम्युनिटीज, तिथे वर्षभर चालणारा रस्ता नाही, विमानाने जायचं किंवा हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून बर्फाचा रस्ता होतो तेव्हा गाडीने. अशा पेशंटला संध्याकाळी सहा वाजता "तुम्ही घरी जाऊ शकता" म्हणून कागद हातात दिला तर तो जाणार कुठे? पेशंट कुठल्या कम्युनिटीचा हे पहिल्याच दिवशी माहीत असलं की विमानाचं तिकीट, राहायची सोय, तिथल्या नर्सिंग स्टेशनला फोन हे सगळं आधी होतं.

लहान मुलांसाठी जॉर्डन्स प्रिन्सिपल आहे. नॉर्वे हाऊस क्री नेशनचा जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मुलगा जन्मापासून हॉस्पिटलात होता, डॉक्टरांनी घरी न्यायला चालेल सांगितलं तरी घरच्या देखभालीचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने यावर दोन वर्षांहून जास्त वाद चालला आणि तो २००५ मध्ये पाच वर्षांचा असताना हॉस्पिटलातच गेला, स्वतःच्या घरात एक रात्रसुद्धा न झोपता. त्याच्या नावाने ठरलेलं तत्त्व असं की फर्स्ट नेशन्सच्या मुलाला आधी सेवा द्यायची, बिल कोणाचं ते मागाहून भांडा. आई डेस्कवर आली आणि आम्ही विचारलंच नाही तर या तत्त्वाची तिला कोणी आठवणही करून देणार नाही.

मग इतके लोक "नाही" किंवा "सांगायचं नाही" का म्हणतात?

कारण याआधी त्यांची ओळख नोंदवली गेली तेव्हा बहुतेक वेळा त्यातून त्यांचं काहीतरी हिरावलं गेलंय.

इन्युइट लोकांची नावं सरकारला लिहिता येईनात म्हणून १९४० च्या दशकापासून त्यांना बिल्ले दिले, गळ्यात घालायचे, त्यावर नंबर, पूर्वेकडच्यांना ई आणि पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू. हे १९७० च्या दशकापर्यंत चाललं. टीबीच्या साथीत सी. डी. हाऊ नावाचं जहाज उत्तरेत फिरायचं, जहाजावरच एक्स-रे, आणि डाग दिसला की माणसाला तसंच दक्षिणेला सॅनेटोरियममध्ये न्यायचे, कित्येकदा निरोपही न घेऊ देता. काही परत आलेच नाहीत आणि घरच्यांना कबर कुठे हेही कळलं नाही, त्याबद्दल पंतप्रधानांनी २०१९ मध्ये इकालुइटला जाऊन माफी मागितली. फर्स्ट नेशन्ससाठी वेगळी "इंडियन हॉस्पिटल्स" होती, एडमंटनचं चार्ल्स कॅमसेल त्यातलंच. रेसिडेन्शिअल स्कूल्समध्ये, म्हणजे सरकार आणि चर्चने चालवलेल्या निवासी शाळांमध्ये, तर दीड लाखाच्या आसपास मुलं घरून उचलून नेली, आणि त्यातल्या काही शाळांत उपाशी मुलांवर आहाराचे प्रयोग झाले.

हे सगळं जुनं वाटत असेल तर बर्थ अलर्ट बघा. गरोदर बाईबद्दल चाइल्ड वेल्फेअरवाले हॉस्पिटलला आधीच कळवून ठेवायचे की हिची डिलिव्हरी झाली की आम्हाला सांगा, बाईला पत्ताच नसायचा, आणि बाळ वॉर्डातूनच नेलं जायचं. ब्रिटिश कोलंबियाने हे २०१९ मध्ये बंद केलं, मॅनिटोबाने जुलै २०२० मध्ये. म्हणजे अगदी कालपरवा. मॅनिटोबात सरकारच्या ताब्यात असलेल्या दर दहा मुलांतली नऊ इंडिजिनस आहेत. आता लेबर पेन्स चालू असताना डेस्कवर कोणी विचारलं "तुम्ही इंडिजिनस आहात का?" तर ती बाई क्षणभर थांबणारच. त्या थांबण्याचा राग मानू नका.

"माझ्यासाठी सगळे पेशंट सारखेच. विचारणं हाच भेदभाव नाही का?"

हे चांगल्या मनाची माणसं म्हणतात, म्हणून मी नेहमी वेळ काढून उत्तर देते. वागणूक खरंच सारखी असती तर प्रश्नाची गरज नव्हती. ब्रिटिश कोलंबियात २०२० मध्ये मोठी चौकशी झाली, त्यात भाग घेतलेल्या इंडिजिनस लोकांपैकी ८४ टक्के लोकांनी आरोग्यसेवेत कुठल्या ना कुठल्या प्रकारे भेदभाव झाल्याचं सांगितलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला क्विबेकमध्ये जोलिएटच्या हॉस्पिटलात जॉयस एशाक्वान ही अटिकामेक समाजातली ३७ वर्षांची, सात मुलांची आई गेली. जायच्या थोडं आधी तिने फोनवरून लाइव्ह व्हिडिओ चालू केला म्हणून जगाला ऐकू आलं की स्टाफ तिच्या तोंडावर तिला काय काय बोलत होता. कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) अहवालात लिहिलं की वंशभेद आणि पूर्वग्रहाचा या मृत्यूला हातभार लागला. तिने व्हिडिओ केला नसता तर? तो फक्त एका बेडवरचा मृत्यू राहिला असता.

कोण किती तास थांबलं, कोण न तपासता निघून गेलं, कोणाला दुखण्याचं औषध उशिरा मिळालं, हे ओळख नोंदवल्याशिवाय मोजताच येत नाही, आणि मोजलं नाही की वरचे म्हणतात इथे असं काही होत नाही. रेसिडेन्शिअल स्कूल्सची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने २०१५ मध्ये ज्या ९४ मागण्या मांडल्या त्यातली १९ वी हीच आहे, की आरोग्यातली दरी मोजा आणि दर वर्षी जाहीर करा.

"हो" म्हटलं की नंबर आधी लागतो का?

नाही. ट्रायाजची (कोणाला आधी तपासायचं ते ठरवणारी) नर्स आजार किती गंभीर आहे ते बघते. मागेही पडत नाही, पडायला नको.

ही माहिती बघतं कोण?

उपचार करणारी टीम आणि इंडिजिनस हेल्थचा विभाग. मॅनिटोबात पर्सनल हेल्थ इन्फर्मेशन ॲक्ट आहे, काम नसताना पेशंटची फाइल उघडली तर नोकरी जाऊ शकते. आकडेवारीसाठी वापरतात तेव्हा नाव काढून.

पण खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. ती आकडेवारी कोणाच्या मालकीची? फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्येच यासाठी ओकॅप नावाची तत्त्वं मांडली, मालकी, नियंत्रण, बघायचा हक्क आणि ताबा, चारही त्यांच्याकडे. कारण वर्षानुवर्षं संशोधक आले, रक्त घेऊन गेले, पेपर छापले, आणि गावाला उत्तर कळवलंच नाही. ज्या हॉस्पिटलात या लोकांना निर्णयात सामील न करताच त्यांचा डेटा गोळा होतो तिथे लोकांनी "सांगायचं नाही" म्हटलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

कोणी खोटंच "हो" सांगितलं तर?

सांगू देत. पोलिसगिरी आपण करायची नाही. दहा खऱ्या माणसांकडे संशयाने बघून एक खोटा पकडण्यात काय मिळवणार.

पेशंट बेशुद्ध असेल किंवा लहान मूल असेल तर?

मुलाचं आईवडील किंवा पालक सांगतात. बेशुद्ध असेल तर प्रश्न तसाच मोकळा ठेवायचा आणि शुद्धीवर आल्यावर विचारायचं. आडनावावरून भरायचं नाही. नातेवाईक सांगत असतील तर लिहा, पण पेशंट बरा झाला की त्याला स्वतःला विचारा, कारण घरात एक भाऊ उघड सांगतो आणि दुसरा आयुष्यभर लपवतो असं खूप असतं.

मी नवीन लागलेय, हा प्रश्न विचारायचा कसा?

सगळ्यात आधी, आवाज बारीक करू नका. आपण कुजबुजलो की समोरच्याला वाटतं काहीतरी लाजेची गोष्ट विचारतायत. पण मागे रांग चिकटून उभी असेल तर लोकांना थोडं मागे व्हायला सांगा, किंवा पेशंटला कागदावर खूण करायला द्या. मी असं म्हणते: "आम्ही हे सगळ्यांनाच विचारतो. तुम्ही स्वतःला फर्स्ट नेशन्स, मेटी किंवा इन्युइट मानता का? सांगायचं की नाही ते तुमच्यावर आहे, उपचारात काही फरक पडत नाही." मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं महत्त्वाचं आहे, आपल्याला सवय असते मधली शांतता भरून काढायची. "हो" आलं तर लगेच "नॅव्हिगेटरला भेटायचंय का?" हे विचारा, कारण विचारून नुसतं पुढच्या प्रश्नाकडे गेलो तर माणसाला कळत नाही हे कशासाठी होतं.

कोणी चिडलं, "तुम्हाला काय करायचंय?" म्हणालं, तर "बरोबर आहे, राहू दे" म्हणा आणि "सांगायचं नाही" वर क्लिक करा. समजावत बसू नका. आणि "तुम्ही दिसत नाही तशा" हे वाक्य कधीच, कधीच बोलू नका.

मी स्वतः भारतातल्या आदिवासी समाजाची आहे, मी काय सांगू?

हे मला एका मुलीने विचारलं होतं आणि मला फार आवडलं. मुळात हा प्रश्न कॅनडाच्या तीन गटांबद्दल आहे, त्यामुळे भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, वारली असाल तरी याचं उत्तर "नाही". पण ते तिथेच सोडू नका. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली पट्ट्यातल्या समाजांमध्ये बराच आढळतो, आणि इथले काही डॉक्टर सिकल सेल म्हटलं की आधी आफ्रिकन वंशाच्या लोकांचाच विचार करतात. त्यामुळे सांधे किंवा हाडं सारखी दुखत असतील, घरात कोणाला असेल, किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की आमच्या समाजात हा आजार असतो, टेस्ट करा. फॉर्ममध्ये जागा नसली तरी तोंडाने सांगता येतं.

एकदा दिलेलं उत्तर बदलता येतं का?

कधीही, कितीही वेळा, कारण न देता. माझ्याकडे डायलिसिसला येणाऱ्या एक आजी होत्या, पहिल्यांदा "नाही", दुसऱ्यांदा "सांगायचं नाही", मग कित्येक महिने तेच. एके दिवशी मी पत्ता तपासत असताना त्या आपणहून म्हणाल्या की तिथे क्री लिही, आणि ती क्री बोलणारी मुलगी आज ड्युटीवर आहे का तेही बघ. मी बघितलं. नव्हती, पण दुसऱ्या दिवशी येणार होती, तसं मी त्यांना सांगितलं आणि चिठ्ठी करून ठेवली.